काना राहतो

हिद्दच्या दवाखान्यात एक आवाजबंद पेटी आहे,
फ्रीजसारखं दार, आत एक स्टूल, मधे जाड काच.
काचेअलीकडं मी, मशीन
आणि गोदीतल्या एकोणीस जणांचे फॉर्म.
चौदावा, विश्राम गोताड, तालुका लांजा,
बावीस वर्षं जहाजांच्या पोटातला गंज झोडपतोय.

बीप आलं की बटण दाबायचं,
अगदी बारीक आलं तरी. कळलं?
त्यानं मान हलवली. सगळेच हलवतात.

दाबलं. दाबलं. परत दाबलं.
एवढ्या हातोड्यानंतर
हे विशीतल्या पोराचे कान?
मी नुसता हात हलवला, आवाज सोडलाच नाही.
त्यानं दाबलं.

काचेतून माझा खांदा दिसत होता त्याला.

दार उघडून मी विचारलं, चांगलं मोठ्यानं विचारलं.
ओरडू नका बाई, तो म्हणाला,
ओरडलं की माणसाचं तोंड वाकडं होतं, वाचता येत नाही.
आणि तेवढा मास्क काढा.
काढला.
तेव्हा कुठं आम्ही दोघं मराठीत आलो.

ऐकू येतं हो, समजत नाही.
बायको फोनवर बोलते,
ती आहे एवढं येतं.
शब्द वाटेत कुठं उतरतात कोण जाणे.

मला माहीत होतं कुठं उतरतात.
चार हजारावर आलेख खाली जातो,
पायऱ्या संपल्यावर विहीर जावी तसा.
आधी स जातो, मग श, फ, थ,
सगळी वाऱ्याची अक्षरं.
आ, ऊ, ओ जड असतात, तळाशी टिकतात.
साखर म्हणा, आ-अ-र पोचतं.
फणस म्हणा, अ-ण-अ.
अक्षर पडतं, काना राहतो.
शाळेत मास्तर कान पिळून काना शिकवायचे,
इथं कान गेला
आणि काना तेवढा उरला.

आणि रातकिडे, तो म्हणाला.
पहिली काही वर्षं वाटायचं, घरची आठवण येते.
कॅम्पात ना झाड ना गवत,
पण दिवा मालवला की कानात लांजा.
बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही,
उगाच वाटणी नको.
मग एका मे महिन्यात सुट्टीवर, अंगणात बाज टाकलेली,
ओटीवरच्या बल्बात तोंड दिसत होतं बायकोचं.
म्हणाली, आज रातकिडे कसे गप्प.
मी म्हटलं, गप्प? कान किटलेत माझे.
ती जरा वेळ बघत राहिली,
मग पाणी आणते म्हणून आत गेली.

काय लिहिणार, हे त्यानं विचारलं नाही.
व्हिसा मार्चमध्ये संपतो,
तेही फॉर्मवरच होतं.

पुन्हा बसवला आत.
मी पाठमोरी व्हायच्या आधी
त्यानंच डोळे मिटले. म्हणून मी वळलेच नाही.
दोन हजारावर दाबलं. तीनवर उशिरा.
चारवर मी वाढवत गेले, साठ, सत्तर, पंच्याहत्तर,
तो ओठ आवळून बसलेला,
अंगठा बटणावर, हलत नव्हता.

उजव्याचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या,
होतं तेच मांडलं.
शिफारस: दोन्ही कानांना यंत्र, गोंगाटापासून दूरचं काम.
किती दूरचं, ते कंपनी ठरवील.
त्याखाली रकाना असतो, चाचणी कितपत भरवशाची.
चांगली, बरी, नाही.
मी चांगलीवर खूण केली
आणि खोडायला हात गेला नाही.

शेवटी अर्धी ओळ उरली होती:
कानात आवाज येत असल्यास वर्णन.
वर अरबी, खाली इंग्रजी.
मधे मी देवनागरीत लिहिलं, रातकिडे.
विचारू देत.

पंधरावा दाराशी येऊन उभा होता.
मास्क हातातच होता माझ्या.